बाकड्याच्या टोकाची जागा

१

मार्लो लँडिंगच्या जुन्या मैदानातला स्टँड पाडताना खालची काँक्रीटची फरशी फुटली, आणि फरशीखालच्या मातीत ल्यूथर क्रेन सापडला.

मुकादमाने पोलिसांच्या आधी मला बोलावलं. आमच्या काउंटीत संशयास्पद मयताचं कारण ठरवायला एक माणूस निवडून देतात. मी अंत्यविधीचं दुकान चालवतो, तेव्हा याला मयताची भीती नसणार, असं म्हणून गाव दरवेळी ऑर्विल टीगलाच निवडून देतं. माझ्याविरुद्ध उभं राहायला कोणी तयार नसतं, हे खरं कारण.

फरशीखाली पूर्वी चिनीमातीचा खड्डा होता. मैदानात पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो, तो उंचवटा लिंपायची माती तिथे गोणपाटाखाली ओली ठेवत. त्या मातीत लोकरीचे कपडे बरेचसे टिकले होते. सदऱ्यावरचा ल्यूथरचा सतरा आकडा वाचता येत होता. मी टोपी काढली. सबंध गाव ज्याला सदतीस वर्षं नावं ठेवत होतं, तो गाव सोडून गेलाच नव्हता. आम्ही ज्या फळ्यांवर बसून टाळ्या पिटायचो, त्यांच्याच खाली होता तो.

शेरिफने तपासाला हॅस्केट बाईंना पाठवलं. चाळिशीची, उंच, शहरातून आलेली बाई. बेसबॉलमधलं आपल्याला एवढंच कळतं की जेवायला उशीर होतो, असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. मग त्या खड्ड्याशी उकिडव्या बसल्या.

"कवटी कशाने फुटली?"

उजव्या कानशिलावर गोल, उथळ खळगा होता. "लाकडी हातोड्याने असेल," मी म्हणालो. "पॉटरीत असायचे, आमच्या चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्यात."

"आणि हातात काय आहे?"

मुठीत लोकरीचा आतला शर्ट होता, चोळामोळा केलेला. अंगातही सदऱ्याखाली तसाच एक शर्ट होता.

"जादा कपडा घेऊन हा कुठे निघाला होता?"

"बाई, हा पळून गेला होता," मी म्हणालो. "भर सामन्यातून. सगळं गाव समोर बसलेलं असताना. आणि जाताना त्याला कोणीही पाहिलं नाही."

२

हे त्यांना समजावून सांगायला मला बरंच मागे जावं लागलं.

पॉटरीच्या मालकांनी हा संघ काढला तो कामगारांनी रविवारी दारू पिऊ नये म्हणून. नाव ठेवलं मार्लो पॉटर्स, म्हणजे कुंभार. कामगार सामना बघता बघता प्यायला लागले, ते वेगळं. बेसबॉलच्या दुनियेत आम्ही सगळ्यात खालच्या पायरीवर. वर चढणारी पोरं आमच्याकडे एखादा उन्हाळा काढायची आणि वरून खाली आलेले दमलेले गडी शेवटचा उन्हाळा काढायचे. पावाच्या जुन्या गाडीतून दुसऱ्या गावी जायचे, विधवा बायकांच्या घरी भाड्याने राहायचे. स्टँड एकदा जळाला, संघ लढाईत बंद पडला, पुन्हा उभा राहिला. आमच्या गावाला मिरवायला दुसरं काही नव्हतं.

ल्यूथर दमलेल्यांपैकी. वर जाऊन परत आलेला. इथे त्याने एडिथशी लग्न केलं आणि एक्कावन्नच्या ऑगस्टमध्ये तिला दिवस गेलेले होते. त्या रविवारी असं ऊन होतं की फळ्यांतून डांबर गळत होतं. ल्यूथरने आठ डाव टाकले आणि समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे धावून जागा गाठता येईल असा फटका, मिळाली नाही. नवव्यातही, म्हणजे शेवटच्या डावातही, मिळाली नसती तर गावाच्या इतिहासातला तो पहिला बिनहिटचा सामना ठरला असता.

"असा सामना रंगात आला की एक रीत पाळतात," मी सांगितलं. "त्या पिचरशी बोलायचं नाही. त्याच्याकडे बघायचंही नाही. तो बाकड्याच्या टोकाला एकटा बसतो आणि बाकीचे असे बसतात की जणू तो तिथे नाहीच. काय चाललंय त्याचा उच्चार करायचा नाही. केला की दृष्ट लागते."

"मोठी माणसं हे पाळतात?"

"बायबलपेक्षा जास्त."

आठव्या डावात आमची फलंदाजी संपली, गडी मैदानात जायला उठले आणि बाकड्याचं टोक रिकामं होतं. राखीव पिचर डेलबर्ट फॉसने नववा डाव टाकला, तिघेही बाद केले, आणि गावाने त्याला खांद्यावर घेऊन नदीपर्यंत नेलं. ल्यूथर परत दिसला नाही. दडपणाने त्याची हवा गुल झाली, असं ठरलं. आमच्याकडे ऐनवेळी पाय काढणाऱ्याला अजून 'क्रेन झाला' म्हणतात. लग्नाच्या दिवशी नवरा आला नाही तरी क्रेन झाला, आणि पोरगं परीक्षेला बसलं नाही तरी क्रेन झालं.

त्यानंतर त्या टोकाला कोणी बसलं नाही. नवीन आलेल्या पोरांनाही जुने सांगत, तिथे बसू नकोस. उन्हाच्या दुपारी स्टँडखालून चेंडू आपटल्याचे आवाज यायचे, असं लोक म्हणत. पुढे घरोघरी टीव्ही आला, स्टँड ओस पडला आणि पॉटर्स कायमचे बंद झाले.

हॅस्केट बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "त्याच्या घरचं कोणी आहे?"

"मुलगी आहे, लोइस. बाप गेल्यावर जन्मली."

"आणि तिला वाढवलं कोणी?"

मला सांगायला जड गेलं. "वेंडेल रस्कने. तो त्या सामन्यात कॅचर होता, ल्यूथरचे चेंडू झेलणारा. पाच वर्षांनी एडिथशी त्याने लग्न केलं."

बाईंनी खड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या काय म्हणणार आहेत हे मला ठाऊक होतं, कारण संध्याकाळपर्यंत सगळं गाव तेच म्हणणार होतं.

३

लोइस बाजारात ॲपल-पायची बेकरी चालवते. आम्ही गेलो तेव्हा दुकान रिकामं होतं. एरवी त्या वेळेला उभं राहायला जागा नसते.

"लोकांनी आजपासून ॲपल-पाय खाणं सोडलं वाटतं," ती म्हणाली. तिचे हात पिठाचे होते आणि डोळे सुजले होते. "ऑर्विल काका, तुम्ही मला सरळ सांगा. एक तर माझे वडील मला सोडून पळत होते. नाहीतर ज्यांनी मला सायकल शिकवली त्यांनी त्यांना मारलं. तिसरं काही आहे का?"

हॅस्केट बाईंनी तिला मुठीतल्या शर्टाबद्दल सांगितलं. दोन शर्ट का, असं लोइसने विचारलं.

"दोन गोष्टी असू शकतात. हातातला कोरडा असेल, तर तो कपडे घेऊन निघाला होता. हातातला घामाने भिजलेला असेल, तर तो शर्ट बदलून परत खेळायला येत होता. पण इतकी वर्षं ओल्या मातीत राहिल्यावर दोन्ही सारखेच."

"म्हणजे ते कधीच कळणार नाही?"

"शर्टावरून नाही कळणार," बाई म्हणाल्या.

वेंडेल मागच्या खोलीतच बसला होता. हार्डवेअरचं दुकान त्याने सकाळीच बंद केलं होतं. सत्तरीचा आडदांड माणूस, बोटं चेंडू झेलून झेलून वाकडी झालेली.

"विचारा," तो म्हणाला. "एडिथ मला आवडायची का? आवडायची. ल्यूथर असतानाही?  हो. तिला ते कधी सांगितलं? तो गेल्यावर तीन हिवाळे उलटले तेव्हा. झालं समाधान?"

"मला सामन्याबद्दल विचारायचंय."

तो जरा नरमला. "आठव्यात मी पाचवा फलंदाज होतो, माझी पाळी आलीच नाही. बाकड्यावर बसून होतो. मॅनेजर हॉब किन्सेला मैदानात तिसऱ्या बेसपाशी उभा राहून फलंदाजांना खुणा करत होता, सगळ्यांना दिसत होता. डाव संपला, तो आला, टोकाकडे बघितलं, आणि मागच्या दाराने ल्यूथरला शोधायला आत गेला. बराच वेळ लावला. पंच ओरडायला लागला. मग हॉब डेलबर्टला खांद्याला धरून बाहेर घेऊन आला आणि म्हणाला, आता हा टाकेल."

"डेलबर्टला अचानक उभं केलं?"

"अचानक म्हणजे काय! पंच म्हणाला, बाबा, हात गरम व्हायला हवे तेवढे चेंडू टाकून घे, घाई नाही. या पठ्ठ्याने तीन टाकले आणि म्हणाला बास. काळीज पाहिजे त्याला."

बाईंनी मान हलवली. दारातून निघताना लोइसने वेंडेलच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि ठेवला नाही. वेंडेलने ते पाहिलं. मला तिथे थांबवेना.

४

डेलबर्ट फॉस आमच्या गावचा न्हावी. न बोलणारा न्हावी जगात दुसरा असेल असं मला वाटत नाही. त्याच्या खुर्चीत बसलं की कात्रीचा आवाज तेवढा. त्या सामन्यानंतर वरच्या संघाने त्याला बोलावलं होतं. तो गेला नाही. हात गेला म्हणाला. पुढे जत्रेतसुद्धा त्याने कधी चेंडू उचलला नाही. लोइसच्या मुलांचे केस मात्र तो फुकट कापतो, आणि नाताळात तिच्या दारात हॅम ठेवून जातो. मी त्याला भला माणूस समजायचो, आजही समजतो.

"आठव्या डावात तुम्ही कुठे होता?" हॅस्केट बाईंनी विचारलं.

"शेडमध्ये."

राखीव गडी बसायची शेड डाव्या कोपऱ्यात, पार कुंपणापाशी होती.

"तिथे आणखी कोण होतं?"

"त्या उन्हाळ्यात आम्ही दोनच. दुसऱ्याला गालगुंड झालं होतं."

"मग?"

"हॉब म्हणाला चल. मी गेलो."

"ल्यूथर तुम्हाला दिसला?"

तो झाडू घेऊन फरशी झाडायला लागला. फरशीवर एकही केस नव्हता. आम्ही वाट पाहिली, तो झाडत राहिला.

बाहेर पडल्यावर बाई म्हणाल्या, "हॉबला भेटायचंय."

"तीन वर्षं उशीर झाला. मीच पुरला त्याला." आणि मग मला आठवलं. "चमत्कारिक अंत्यविधी होता. त्याने सांगून ठेवलं होतं, माझ्या वेळी कोणी एक शब्द बोलायचा नाही. पाद्रीसुद्धा नुसताच उभा होता. आम्हाला वाटलं, म्हातारा तिरसट होता."

"आणि त्या खड्ड्यावरची फरशी कोणी घातली?"

"हॉबनेच. त्या सामन्यानंतरच्या हिवाळ्यात न्हाणीघर बांधतो म्हणून त्याने स्वतः काँक्रीट ओतलं."

"न्हाणीघर झालं?"

ते कधीच झालं नव्हतं.

५

म्हणजे हॉब. मी तर मनातून खटला मिटवूनही टाकला होता. पण हॉब सामना चालू असताना सगळ्यांसमोर उभा होता, हे वेंडेलने सांगितलं होतं, आणि मलाही ते स्वच्छ आठवत होतं. तो आत गेला तेव्हा ल्यूथर आधीच बाकड्यावर नव्हता. मग कोणी मारलं?

बाकड्यावरचा आणखी एकच गडी जिवंत होता. मॉरिस, मैदानात शॉर्टस्टॉपच्या जागी खेळायचा, आता फ्लोरिडात मासे धरतो. बाईंनी माझ्या कचेरीतून त्याला फोन लावला. ऐकू कमी येत असल्यामुळे तो ओरडून बोलत होता, मला बसल्या जागी सगळं ऐकू येत होतं.

"आठव्या डावात बाकड्यावरून कोणी उठून आत गेलं का?" बाईंनी विचारलं.

"उठून? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? असल्या सामन्यात कोणी जागा सोडतं?"

"का नाही?"

"जिथे बसून नशीब चाललंय तिथेच बसायचं! मला सहाव्या डावापासून लघवीला लागली होती, बाई. सहाव्यापासून! मैदानात धावलो, बाकड्यावर आलो, पाय आवळून बसलो. मागचं दार हाताच्या अंतरावर होतं. उठलो असतो तर त्यांनी मला तिथेच गाडला असता."

"आणि वेंडेल रस्क?"

"तो माझ्या उजव्या मांडीला मांडी लावून बसला होता. डुकरासारखा घामेजला होता. हलला असता तर जन्मभर लक्षात राहिलं असतं. कोण बोललं वेंडेलबद्दल? त्याचं नाव मला सांगा."

बाईंनी फोन ठेवला. "टीग साहेब, तुमच्या या रीतीमुळे ल्यूथर कोणाला दिसला नाही. पण त्याच रीतीमुळे बाकीचे सगळे जागेला खिळले होते. ल्यूथरकडे कोणी बघत नव्हतं, आणि दुसरा कोणी हलला असता तर सगळ्यांनी बघितलं असतं. वेंडेल सुटला."

मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना घरी जेवायला नेलं.

माझी बायको नेटी पाहुणा दिसला की भुताची गोष्ट सांगते. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की तिच्याआधी मीच वाक्य पुरं करू शकतो. मक्याची कणसं वाढता वाढता तिने सुरू केलं.

"आमचं लग्न ठरलं होतं तेव्हा. आम्ही तिसऱ्या ओळीत बसलो होतो. आणि माझ्या पायाखालून आवाज यायला लागला. धप्. मग थोडं थांबून, धप्. लेमोनेडचा पेला फळीवर ठेवला होता, तो थरथरत होता. मी ऑर्विलला म्हणाले, ऐक. तर हा म्हणतो, गप्प बस, सामना बघू दे."

"आणि त्यानंतर कित्येकांना ऐकू आलं," मी म्हणालो. "ल्यूथर अजून खाली चेंडू टाकतोय, असं म्हणतात."

हॅस्केट बाईंचं कणीस हातातच राहिलं. "नेटीबाई, हा कोणता दिवस?"

"तोच ना. पहिल्यांदा मलाच ऐकू आलं, म्हणून तर सांगते."

"सामना संपल्यावर?"

"छे. आठव्यात. आपली फलंदाजी चालू होती तेव्हा."

बाई माझ्याकडे वळल्या. "तेव्हा ल्यूथर भूत झालेला नव्हता," त्या म्हणाल्या. "तुमच्या पायाखाली कोणीतरी जिवंत माणूस चेंडू टाकत होता."

मी उठलो. दिवाणखान्याच्या फळीवर एक जुना चेंडू होता, तो खिशात घातला आणि दुकानात गेलो. ल्यूथर मागच्या खोलीत होता. तो गोल खळगा मी पुन्हा पाहिला आणि चेंडू त्यावर अलगद टेकवला. चेंडू बरोबर बसला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी आम्हाला मैदानात बोलावलं. स्टँड अर्धा पडला होता, पण आमच्या संघाचं बाकडं अजून जागेवर होतं. वेंडेल मधोमध बसला. डेलबर्ट त्याच्यापासून लांब, टोकाची जागा तेवढी सोडून. लोइस उभी राहिली. मी छपराच्या सावलीत थांबलो. ऊन त्या दिवशीसारखंच होतं.

"राखीव पिचरने हात गरम करायचा तर कुठे करतात?" बाईंनी विचारलं.

"शेडसमोर," वेंडेल म्हणाला. "उघड्यावर."

"बिनहिटचा सामना चालू असताना?"

"तेव्हा कोण करेल? ते म्हणजे पिचरच्या तोंडावर सांगणं की तू पडणार. लोकांनी बाटल्या मारल्या असत्या."

"म्हणून ते लपून करावं लागलं. हॉबला दिसत होतं की उन्हाने ल्यूथरचे पाय डगमगतायत. तुमची आघाडी एकाच धावेची होती. त्याने डेलबर्टना सांगितलं, स्टँडच्या मागून आत जा आणि स्टँडखालच्या बोळात भिंतीला टाकत राहा, कोणाला कळू देऊ नकोस. वेंडेल, नवव्या डावाला डेलबर्ट कुठून आले?"

"हॉबबरोबर. मागच्या दारातून." वेंडेल कुंपणाकडे वळला. त्याचा चेहरा बदलला. "आतून आला. शेड तर तिकडे, कुंपणाला. त्याने मैदान ओलांडून यायला हवं होतं."

"आणि तीन चेंडूंत बास म्हणाले. हात आधीच गरम होता. तुम्हाला ते धाडस वाटलं."

डेलबर्ट आपल्या हातांकडे बघत होता.

बाईंचा आवाज खाली आला. "बोळाच्या टोकाला कपडे बदलायच्या खोलीचं दार. त्याच्या शेजारच्या भिंतीवर सरावाची गादी टांगलेली. नकाशात मी पाहिलं. ल्यूथर डेलबर्टच्या आधी आत गेला होता, डेलबर्टना ते माहीत नव्हतं. ते गादीवर चेंडू टाकत होते, ते दार उघडलं आणि ल्यूथर बाहेर आला. हा खून नव्हता. त्याच क्षणी ओरडून मदत मागितली असती तर कोणी खून म्हटलंही नसतं. पण हॉब आला आणि म्हणाला असेल, आधी सामना. सामन्यानंतर गावाने डेलबर्टना खांद्यावर घेतलं. तिथून खाली उतरून हे कसं सांगणार? त्या संध्याकाळी तो अपघात राहिला नाही."

वेंडेलने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"एक गोष्ट मात्र मला कळली नाही," बाई म्हणाल्या. "दार उघडल्यावर त्या अंधारात उजेड आला असणार. तुम्हाला ल्यूथर दिसला असणार. चेंडू हातातून सुटला तरी एक हाक मारायला वेळ होता. तो बसला असता, वळला असता. तुम्ही ओरडला का नाहीत?"

उत्तर वेंडेलने दिलं, "कारण त्याच्याशी बोलायचं नव्हतं."

तो हे डेलबर्टच्या वतीने बोलला, रागाने नाही. त्या जागी मी असतो तर माझंही तोंड मिटलं असतं, हे मला त्या क्षणी कळलं.

लोइस हलली. ती बाकड्याच्या टोकाकडे गेली. वेंडेलचा हात तिला अडवायला अर्धा वर आला आणि खाली गेला. सदतीस वर्षांत जिथे कोणी टेकलं नव्हतं तिथे ती बसली, डेलबर्टच्या शेजारी.

"बोला, डेलबर्ट काका," ती म्हणाली. "सामना कधीच संपलाय."

डेलबर्टने मागच्या दाराकडे पाहिलं. "थांब," तो म्हणाला. मग मोठ्याने, मला माहीत नव्हतं त्याला एवढा आवाज आहे. "ल्यूथर, थांब."

त्यानंतर तो बोलतच सुटला. इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर पडत होतं. दार कसं उघडलं, ल्यूथरने वर पाहिलं तेव्हा आपल्याला आधी काय वाटलं, तर नजर वळवायला हवी असं वाटलं. आपण त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो तर हॉब आला, त्याने गोणपाट टाकलं आणि आपल्याला ओढत बाहेर नेलं. शेवटी तो माझ्याकडे वळला.

"ऑर्विल, मी ते तिघे बाद केले तेव्हा तो जिवंत होता का? हॉब नाही म्हणाला होता. पण हॉबला काय कळतं?"

"जागच्या जागी गेला," मी म्हणालो. "त्याला काही कळलंही नाही."

हाडावरून एवढं सांगता येतं का, असं हॅस्केट बाईंनी मला नंतर विचारलं. मी म्हणालो, मयताचं कारण ठरवायला गावाने मला निवडून दिलंय, त्यांना नाही.

लोइसने अजून काही विचारलं नव्हतं. तिने वेंडेलकडे हात केला. तो उठून तिच्याजवळ आला आणि या वेळी तिने त्याचा हात घट्ट धरला. मग डेलबर्टला विचारलं. विचारताना तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला.

"त्यांच्या हातात एक शर्ट होता. तुम्ही त्यांना धरलं होतं ना. तो शर्ट कोरडा होता की ओला?"

डेलबर्टला क्षणभर कळेना की ही असं का विचारते.

"ओला," तो म्हणाला. "चिंब ओला. पिळला असता तर पाणी निघालं असतं. कोरडा अंगात होता, पोरी. त्याला नववा टाकायचा होता ना."